एकट्याची नाव आणि बडीची पाच कामं



शिडाच्या नावांवर मी बोलायला लागलो तेव्हापासून एक प्रश्न दर भागाखाली येतो. पुण्याहून येतो, इंदूरहून येतो, बेळगावहून येतो. "कर्नलसाहेब, तुम्ही समुद्रावर एकटे जाता म्हणता. ते सुरक्षित आहे का?"

सरळ उत्तर द्यायचं तर, नाही. दोघांनी जाणं एकट्यापेक्षा केव्हाही बरं. पण जगभर माणसं एकटी जातात, मीही जातो. म्हणून प्रश्न थोडा बदलून घेऊ. एकटं जायचंच असेल, तर जिवंत परत येण्याची व्यवस्था कशी करायची? आजचा भाग त्यावर आहे. आणि यात माझी स्वतःची एक मोठी चूक सांगणार आहे. ती आतापर्यंत कॅमेऱ्यासमोर सांगितली नव्हती.

फौजेत एक पद्धत आहे, बडीची. प्रत्येक जवानाला एक जोडीदार ठरवून दिलेला असतो. गस्तीवर, पहाऱ्यावर, बर्फात, जंगलात, तो तुमच्यावर नजर ठेवतो आणि तुम्ही त्याच्यावर. तुमचा पाय घसरला तर तो हात देतो. तुम्ही जखमी झालात तर तो हाक मारतो. तुमचं डोकं फिरलं तर "साब, अब वापस चलते हैं" असं सांगणारा तोच. छत्तीस वर्षं मी याच पद्धतीत काढली. तरीही निवृत्तीनंतर चेन्नईत स्थायिक झालो आणि नाव घेऊन समुद्रावर एकटा जायला लागलो, तेव्हा बडी नसला की नेमकं काय नसतं, याचा विचार मी कधी केला नव्हता.

शीड मी खडकवासल्याला शिकलो. एनडीएतला पीकॉक बे तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तिथे वारा डोंगरावरून येतो, कधी इकडून कधी तिकडून, आणि पोराला तासाभरात चार वेळा पाण्यात पाडतो. पण धरण आहे, काठ दिसतो, मदतीची बोट उभी असते. पुढे मी सॅपर झालो. आमच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या 'तृष्णा' या नावेनं १९८५ ते १९८७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. भारतीयांनी शिडाच्या नावेतून केलेली ती पहिली प्रदक्षिणा. तेव्हा मी तरुण अधिकारी होतो आणि त्या बातम्यांनी आम्ही सगळेच भारावलो होतो. पण 'तृष्णा'वर तुकडी होती. एकटं जाणं ही वेगळी गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मार्चमधली दुपार

त्या वेळी मी ६३ वर्षांचा होतो. एका मित्राच्या भागीत घेतलेली छोटी नाव होती, वीसेक फुटांची, एक डोलकाठी आणि दोन शिडं. मार्च महिना, शनिवार. चेन्नईत या दिवसांत दुपारी समुद्राकडून वारा सुरू होतो. आपण शाळेत शिकलो तेच, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. त्या दिवशी बारा-चौदा नॉटचा छान आग्नेयेचा वारा होता. बायकोला म्हणालो, "संध्याकाळपर्यंत येतो," आणि निघालो.

बंदरापासून तीनेक मैल बाहेर आल्यावर पुढच्या शिडाचा दोर डोलकाठीपाशी अडकला. सोडवायला पुढे जायला हवं होतं. सुकाणूचा दांडा दोरीनं बांधला म्हणजे नाव सरळ चालत राहील, आणि मी पुढे गेलो. अशी कामं मी शेकडो वेळा केली होती. एक हात दोरावर, एक हात मोकळा. एवढ्यात लांबून गेलेल्या एका जहाजाची लाट आडवी आली, नाव कलंडली, आणि मी पाण्यात.

पाण्यातून वर आलो तेव्हा नाव पुढे चालली होती. सुकाणू बांधलेला, शिडात वारा भरलेला. नाव सरळ चालावी म्हणून जी व्यवस्था मी स्वतः केली होती ती उत्तम काम करत होती. चार नॉट म्हणजे सेकंदाला दोन मीटर. पोहण्याच्या तलावात मी बरा पोहतो, पण अंगात कपडे, पायात बूट आणि वर लाइफ जॅकेट असताना सेकंदाला अर्धा मीटरही होत नाही. अर्ध्या मिनिटात नाव साठ मीटर दूर होती. मी दहा-बारा हात मारले आणि थांबलो.

मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. रेडिओ नावेत होता. मोबाइल नावेत होता, वॉटरप्रूफ पिशवीत, अगदी कोरडा. लाइफ जॅकेट अंगात होतं ही एकच शहाणपणाची गोष्ट. पण जांघेतून घ्यायचा पट्टा मी लावला नव्हता, म्हणून जॅकेट कानांपर्यंत वर सरकलं होतं आणि दोन्ही हातांनी खाली ओढून धरावं लागत होतं. लाटेच्या खाली गेलो की किनारा दिसायचा नाही, वर आलो की दिसायचा. आणि तो डावीकडे सरकत होता. म्हणजे प्रवाह मला उत्तरेला नेत होता.

पण सगळ्यात वाईट हिशेब वेगळाच होता. बायकोला मी "संध्याकाळपर्यंत" म्हणालो होतो. संध्याकाळ म्हणजे किती? सहा? सात? ती काळजी करायला लागणार साडेसातला. फोन लावणार, तो लागणार नाही. मग मित्राला विचारणार, मित्र क्लबात विचारणार. कोणीतरी तटरक्षक दलाला कळवणार नऊच्या सुमाराला. मार्चमध्ये इथे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. म्हणजे मला शोधायला सुरुवात होणार ती अंधारात, मी पडल्यानंतर सहा-सात तासांनी. आणि कुठे शोधायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

सुमारे पन्नास मिनिटांनी कासिमेडूला परतणाऱ्या एका फायबर बोटीतल्या मच्छीमारांना माझं केशरी जॅकेट दिसलं. चौघं होते. त्यांनी मला दोन्ही काखांत धरून वर ओढलं, कारण मला स्वतःला वर चढता येत नव्हतं. त्यातल्या वयस्कर माणसानं आधी पाणी दिलं. मग विचारलं, "तनियावा, सार?" म्हणजे, एकटेच होता?

मी मान हलवली. तो काही बोलला नाही. त्यांच्या बोटीत चार माणसं असतात ती हौस म्हणून नाही, हे मला तेव्हा समजलं. माझी नाव आम्हाला पुढे सापडली, वाऱ्याकडे तोंड करून शिडं फडफडवत उभी होती. तिला काही झालं नव्हतं.

घरी आल्यावर मी दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो आणि लिहून काढलं, त्या दिवशी नावेत बडी असता तर त्यानं काय केलं असतं? पाच कामं निघाली. तो नसेल तर ती पाचही कामं दुसऱ्या कोणाला तरी, किंवा कशाला तरी, किनारा सोडण्याआधी नेमून द्यायला हवीत. आज मला सांगायचं आहे ते एवढंच.

पहिलं काम: पडू न देणं

बडीनं सुकाणू धरलं असतं, वर माझ्यावर नजर ठेवली असती, आणि पडलोच तर नाव वळवून आणली असती. एकट्याच्या नावेत वळवून आणणारा नाही. म्हणून नियम एकच, नावेपासून वेगळं व्हायचं नाही.

हे काम दोराचं. अंगात हार्नेस घालायचा, त्याला एक मजबूत पट्टा लावायचा, त्याला टेदर म्हणतात, आणि त्याचा आकडा नावेला अडकवायचा. नावेच्या मागून पुढपर्यंत एक पट्टा ताणून बांधलेला असतो, त्यावर आकडा सरकतो. म्हणजे पुढे जाताना सोडावा लागत नाही.

बरेच लोक इथे एक चूक करतात. त्यांना वाटतं, टेदर म्हणजे पाण्यात पडल्यावर नावेशी बांधून ठेवणारा दोर. पण चालत्या नावेमागे दोराला बांधलेला माणूस पाण्याखाली ओढला जातो, आणि तेवढ्या ओढीविरुद्ध वर चढणं जवळपास अशक्य असतं. टेदर इतका आखूड हवा की तुम्ही कठड्याबाहेर जाऊच नये. दोन लांबींचा घ्या, एक मीटर आणि दोन मीटर. काम करताना आखूडच अडकवा, आणि शक्यतो नावेच्या मधोमध. आकडा कुठे अडकतो तेही पाहा. २०१७ मध्ये जगप्रदक्षिणेच्या एका शर्यतीत एक खलाशी टेदर असूनही गेला, कारण आकडा दोर बांधायच्या खुंटीखाली आडवा अडकला आणि ताणानं वाकून सुटला.

अनुभव असला की हे लागत नाही, असं कोणाला वाटत असेल तर एरिक ताबार्ली हे नाव लक्षात ठेवा. एकट्यानं अटलांटिक पार करण्याची शर्यत १९६४ आणि १९७६ अशी दोनदा जिंकलेला फ्रेंच दर्यावर्दी. जून १९९८ मध्ये रात्री शिडाचं काम करताना आयरिश समुद्रात पडला आणि गेला. त्याच्या नावेवर त्या वेळी इतर माणसं होती. तरीही त्याला वाचवता आलं नाही.

आता चढण्याबद्दल. अपघातानंतर मी बंदराच्या शांत पाण्यात, मित्र शेजारी उभा असताना, मुद्दाम पाण्यात उतरलो आणि नावेवर चढून बघितलं. जमलं नाही. तीनदा प्रयत्न केला. तरुणपणी हातांच्या जोरावर चढत होतो, ते साठीनंतर होत नाही. आता नावेच्या मागे एक दोरशिडी गुंडाळून बांधलेली असते. तिचा मोकळा दोर पाण्यातून हाताला लागतो, ओढला की शिडी खाली पडते. तुमच्याकडे नाव असेल तर येत्या रविवारी हे करून बघा.

दुसरं काम: नजर ठेवणं

समुद्रावरच्या वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सतत नजर ठेवणं बंधनकारक आहे. एकटा माणूस स्वयंपाक करतो, नकाशा बघतो, झोपतो. तेवढा वेळ नजर नसते.

थोडं गणित करू. छोट्या नावेत तुमचे डोळे पाण्यापासून दोन मीटर उंचीवर असतात. तिथून क्षितिज सुमारे तीन सागरी मैलांवर येतं. मोठ्या जहाजाचा वरचा भाग त्याआधी दिसतो हे खरं, पण चेन्नईच्या दमट धुरकट हवेत त्यावर विसंबू नका. पंधरा नॉटनं येणारं जहाज तीन मैल बारा मिनिटांत कापतं. म्हणजे क्षितिजावर काही नाही असं बघून तुम्ही खाली गेलात, तर बारा मिनिटांत ते तुमच्या डोक्यावर असू शकतं.

आणि त्याला तुम्ही दिसाल अशी आशा ठेवू नका. कंटेनर लादलेल्या जहाजाच्या नाळेसमोरचं काही शे मीटर पाणी वरच्या माणसाला दिसतच नाही. चेन्नईबाहेर नांगर टाकून थांबलेली जहाजं असतात, उत्तरेला एन्नोर आणि काट्टुपळ्ळीची वाहतूक असते. त्यामुळे माझा नियम, दर दहा मिनिटांनी उभं राहून पूर्ण गोल फिरून बघायचं, शिडाच्या खालूनही. मनगटी घड्याळात गजर लावलेला असतो. जहाजांची ओळख आणि दिशा दाखवणारं एआयएस यंत्र परवडत असेल तर घ्या. रडारवर दिसावं म्हणून डोलकाठीवर धातूचा रिफ्लेक्टर लावा. आणि किनाऱ्याजवळ एकट्यानं झोपायचं नाही. झोप खुल्या समुद्रात, तीही वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत, आणि ती वर्षानुवर्षांच्या सरावानंतर.

तिसरं काम: हाक मारणं

माझा रेडिओ नावेत होता आणि मी पाण्यात होतो. यावरून नियम असा की मदत मागायचं साधन अंगावर हवं.

हाताएवढा वॉटरप्रूफ व्हीएचएफ रेडिओ जॅकेटला बांधा. चॅनल १६ वर जवळची जहाजं, बंदर आणि तटरक्षक दल ऐकत असतं. पण पाण्यातून बोलताना त्याचा पल्ला दोन-तीन मैलच मिळतो. म्हणून दुसरं साधन, पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचा संकटसूचक. बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश जातो, तुमचं ठिकाण कळतं, आणि बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रामार्फत तो तटरक्षक दलाकडे पोहोचतो. आपल्याकडे समुद्री बचावाची तीन मुख्य केंद्रं आहेत, मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर. सूचक घेतल्यावर त्याची नोंदणी केलीच पाहिजे. नोंदणी नसेल तर संदेश कोणाचा आहे आणि कोणाला फोन करायचा हेच कळत नाही. किनाऱ्यावरच्या माणसानं लक्षात ठेवायचा तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

ही हाक काय करते त्याचं आपल्या देशातलं उदाहरण सांगतो.

कमांडर अभिलाष टॉमी. २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. २०१८ मध्ये ते गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. ही शर्यत जुन्या पद्धतीनं करायची असते, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे घेऊन. पण संकटसूचक आणि छोटे संदेश पाठवणारं यंत्र मात्र जवळ लागतंच. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळानं त्यांची 'थुरिया' उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, आणि त्यांच्या पाठीचे मणके मोडले. पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैल. उठता येत नव्हतं. अशा अवस्थेत त्यांनी संदेश पाठवला.

पुढे काय झालं बघा. ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्रानं सूत्रं हातात घेतली. भारतीय नौदलाचं पी-८आय विमान मॉरिशसहून उडालं आणि त्यांची नाव शोधली. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजानं त्यांना उचललं, आणि पुढे नौदलाच्या 'सातपुडा'नं आणलं. तीन देशांची माणसं एका माणसासाठी धावली. पण कुठे धावायचं हे त्यांना कळलं, कारण ते साधन त्यांच्या हाताशी होतं. आणखी एक गोष्ट, त्या तीन दिवसांत ते नावेतच राहिले. मोडकी असली तरी तरंगती नाव माणसापेक्षा लवकर दिसते. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीच्या वादळात चोवीस नावा सोडून देण्यात आल्या. त्यातल्या बहुतेक नंतर तरंगतच सापडल्या. नाव तुम्हाला सोडेपर्यंत तुम्ही नावेला सोडू नका.

टॉमी परत गेले हेही सांगायला हवं. पाठीत टायटॅनियम घालून, २०२२ मध्ये तीच शर्यत, आणि २९ एप्रिल २०२३ ला दुसरे आले.

चौथं काम: "आता परत फिरू" म्हणणं

हे सगळ्यात अवघड काम, कारण त्याचं यंत्र बाजारात मिळत नाही. एकटा माणूस स्वतःशी वाद घालतो आणि नेहमी स्वतःच जिंकतो. "अजून अर्धा तास, एवढं तर चालतं." बडी असता तर म्हणाला असता, पुरे. म्हणून हा निर्णय नावेत बसून घ्यायचा नाही. तो घरी, चहा पिताना, शांत डोक्यानं घ्यायचा आणि लिहून ठेवायचा.

इथे मुंबई-कोकणच्या मंडळींसाठी एक गोष्ट. आपल्या अंगात मुरलेलं असतं की पाऊस-वादळ समुद्राकडून येतं. पश्चिमेला काळं झालं की आपण सावध होतो, आणि मुंबईत पश्चिमेला समुद्रच आहे. चेन्नईत पश्चिमेला जमीन आहे. जून ते सप्टेंबरमध्ये इथे संध्याकाळचं गडगडाटी वादळ जमिनीवरून येतं. तुम्ही पूर्वेला तोंड करून समुद्राचा आनंद घेत असता आणि ते पाठीमागून येतं. त्यातला पहिला झोत नावेला किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्राकडे ढकलतो. म्हणून इथे समुद्राकडे जाताना मागे वळून बघायची सवय लावावी लागते.

दुसरा फरक, ऑक्टोबर ते डिसेंबर. महाराष्ट्रात तेव्हा थंडीची चाहूल, इथे ईशान्य मोसमी पाऊस आणि चक्रीवादळांचा हंगाम. १२ डिसेंबर २०१६ ला 'वरदा' वादळ थेट चेन्नईवर आलं. आमच्या गल्लीतली झाडं आडवी झाली, वीज काही दिवस नव्हती. समुद्राचा प्रवाहही या काळात उलटून दक्षिणेकडे वाहतो.

तिसरा फरक किनाऱ्याचा. मुंबईला खाडी आहे, आडोसा आहे. चेन्नईचं बंदर माणसानं बांधलेलं आहे, बाकी सरळ वाळूचा किनारा आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. इथल्या मच्छीमारांनी ओंडके बांधून कट्टुमरम केलं ते याच लाटांतून पार व्हायला. त्यावरूनच इंग्रजीतला 'कॅटामरान' शब्द आला. आपली नाव त्या लाटांत नेली तर ती उलटते. इंजिन बंद पडलं, वारा पडला, तरी किनाऱ्याला लागायचा मोह नको. नांगर टाका. पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडा आणि मदत बोलवा. बरेच हौशी लोक नांगर तळाशी, सामानाखाली ठेवतात. तो हाताशी हवा.

माझा कागद असा आहे. आदल्या रात्री आणि सकाळी हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इनकॉइसचा समुद्राचा अंदाज बघायचा. अठरा नॉटच्या वर वारा असेल तर एकट्यानं बाहेर पडायचं नाही. शीड कमी करावं का असा विचार पहिल्यांदा मनात आला की तेव्हाच कमी करायचं. पश्चिमेला ढग उभा राहिला की लगेच परत. चारच्या आत बंदरात. ऑक्टोबर ते डिसेंबर एकट्यानं जायचं नाही. आणि आदल्या रात्री झोप झाली नसेल, छातीत जड वाटत असेल, रक्तदाबाची गोळी चुकली असेल, तर त्या दिवशी नाव धुवायची, शीड तपासायचं, आणि घरी यायचं. चेन्नईच्या उन्हात दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागतं. तहान लागलेल्या माणसाचे निर्णय चुकतात आणि ते त्याला कळत नाही.

पाचवं काम: वाट बघणं

बडी तुमची वाट बघतो. तुम्ही ठरल्या वेळी आला नाहीत तर तो उठतो.

'एकट्यानं प्रदक्षिणा' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकच माणूस येतो. आपल्या कमांडर दिलीप दोंदे यांचं उदाहरण घ्या. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, आणि मराठी माणूस. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन अशी चार बंदरं घेऊन मे २०१० मध्ये परत आले. पण त्यांच्या मागे कोण होतं ते बघा. कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. छप्पन्न फुटी 'म्हादेई' बांधली गोव्यातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात. मार्गदर्शन सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचं. हे न थांबता एकट्यानं प्रदक्षिणा करणारे जगातले पहिले, १९६९ साली, आणि त्यांची 'सुहेली' बांधली गेली होती आपल्या मुंबईत. दोंदे थेट जगाला फेरी मारायला निघाले नाहीत. आधी सहकाऱ्यांसोबत सराव, मग मॉरिशसहून परतीचा प्रवास एकट्यानं, मग मोठा प्रवास. आणि किनाऱ्यावरून त्यांची व्यवस्था बघणाऱ्यांमध्ये होते अभिलाष टॉमी. किनाऱ्यावर वाट बघणारे पुढे स्वतः गेले, ही परंपरा अशी तयार झाली.

आपली हौस त्यापुढे छोटी. पण वाट बघणारं माणूस आपल्यालाही लागतंच.

माझ्या अपघाताची गोष्ट मी बायकोला पहिल्या दिवशी अर्धीच सांगितली होती. पूर्ण सांगितली ती चौथ्या दिवशी. मला वाटलं, आता ती म्हणणार, नाव विका. मुलीनं फोनवर तेच सांगितलं. बायको मात्र बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "जाऊ नका असं मी म्हणणार नाही. सीमेवर होतात तेव्हाही म्हटलं नाही. पण तेव्हा तुमच्या युनिटला ठाऊक असायचं तुम्ही कुठे आहात ते. आता मला ठाऊक हवं. वेळ लिहून द्या."

तेव्हापासून फ्रिजवर एक कार्ड असतं. नावेचं नाव, रंग, शिडाचा आकडा. मी कुठून कुठे जाणार. अंगात काय घातलंय. पीएलबीचा क्रमांक. आणि दोन वेळा. पहिली वेळ चार वाजताची, बंदरात आलो की मी फोन करायचा. दुसरी वेळ पाचची. पाचपर्यंत फोन आला नाही, तर तिनं मला फोन लावत बसायचं नाही, मित्राला विचारत बसायचं नाही, 'येतील थोड्या वेळात' म्हणायचं नाही. सरळ १५५४ लावायचा आणि कार्ड वाचून दाखवायचं. पाच वाजता अजून तासाभराहून जास्त उजेड असतो. त्या मार्चमधल्या दुपारी मला नऊपर्यंत वाट बघावी लागली असती.

मीही एक नियम पाळतो. वारा पडून उशीर होणार असेल, तर चारच्या आधी रेडिओवरून किंवा फोनवरून कळवायचं. एकदा दहा मिनिटं उशीर झाला. बंदरात शिरताना फोन केला तेव्हा ती म्हणाली, "कार्ड हातात घेऊन बसले होते." तिला राग आला नव्हता. पण मला त्या दिवशी समजलं की हे काम मी तिला दिलंय म्हणजे तेवढा वेळ तीही माझ्यासोबत पाण्यावरच असते.

तर मंडळी, एकट्यानं जायचं असेल तर आधी ही पाच कामं वाटून द्या. पडू न देणं दोराला, नजर घड्याळाच्या गजराला, हाक अंगावरच्या संकटसूचकाला, परत फिरणं लिहिलेल्या कागदाला, आणि वाट बघणं घरच्या माणसाला. यातलं एकही काम वाटायचं राहिलं असेल तर त्या दिवशी सोबत कोणीतरी घ्या.

कासिमेडूच्या त्या चौघांकडे मी अधूनमधून जातो. पैसे त्यांनी तेव्हाही घेतले नाहीत, आताही घेत नाहीत. चहा पितो. मच्छीमारांसाठी इस्रोनं केलेला संकटसूचक, डॅट, त्यांच्या बोटीत आहे, तो त्यांनी मला दाखवला. मी त्यांना माझा पीएलबी दाखवला. त्या वयस्कर माणसानं तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, परत माझ्या जॅकेटला लावला, पट्टा ओढून बघितला, आणि मग मान डोलावली.

पुढच्या भागात नांगर कसा टाकायचा आणि कसा सुटत नाही, ते प्रत्यक्ष दाखवतो. तोपर्यंत नमस्कार. आणि कुठेही निघालात, समुद्रावर नाही तर सह्याद्रीत, तर घरी वेळ लिहून ठेवा.